बुडत्या जहाजावरून उतरलेल्या माणसापुढे आधी कागद ठेवू नका

प्रति,
मुंबई-गोवा सागरी मार्गावर प्रवासी क्रूझ चालवणाऱ्या सर्व कंपन्यांचे संचालक
माहितीसाठी : मुरगाव बंदर प्राधिकरण, नौवहन महासंचालनालय, मुंबई, कॅप्टन ऑफ पोर्ट्स, पणजी

सन्माननीय महोदय आणि महोदया, सप्रेम नमस्कार.

मुरगावला, सड्यावर माझं घर आहे. क्रूझचा हंगाम सुरू झाला की पहाटे फिरायला बाहेर पडल्यावर कधीकधी मुंबईहून आलेलं तुमचं जहाज बंदराच्या तोंडाशी दिसतं. जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटची छोटी बोट त्याच्या अंगाला लागते, मग ओढून नेणाऱ्या टग बोटी येतात आणि उजाडेपर्यंत जहाज धक्क्याला लागलेलं असतं. मी तेवढा वेळ थांबून त्याच्या लाइफबोटी मोजतो. जुनी सवय आहे. २२ वर्षं मी अशाच जहाजांवर पर्सरच्या खात्यात होतो. प्रवाशांचं काउंटर, केबिनच्या चाव्या, पासपोर्ट, बिलं, तक्रारी, सगळं आमच्याकडे. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात. माझे वडीलही तारवटीच. आगबोटीच्या पँट्रीत त्यांची हयात गेली.

हे पत्र त्या २२ वर्षांतल्या एका रात्रीपायी लिहितो आहे. कंपनीचं नाव लिहिणार नाही. ती तुमच्यापैकी कुणाची नव्हे, आणि तिला आज शिक्षा व्हावी म्हणून मी लिहीतही नाही.

परदेशातला किनारा होता, डिसेंबरची थंडी. रात्रीच्या जेवणाची दुसरी पंगत चालू असताना जहाज पाण्याखालच्या खडकाला घासलं. आधी नुसती थरथर जाणवली. मग ट्रॉलीवरच्या बश्या एका बाजूला सरकल्या आणि सरकतच राहिल्या. तीन तासांत आम्ही सगळी माणसं लाइफबोटींत घालून किनाऱ्याला आणली. कुणी दगावलं नाही. कप्तान सगळ्यांत शेवटी उतरला. भांडी घासणाऱ्या पोरांनी म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी मारून जिने उतरवले. इथपर्यंतची गोष्ट मी अजूनही ताठ मानेने सांगतो.

त्यानंतरची गोष्ट धक्क्यावरची आहे आणि ती मी आजवर घरातही नीट सांगितलेली नाही.

आम्हाला ठेवलं ती मासळीच्या लिलावाची शेड होती. ओल्या फरशीवर शेकडो माणसं. कुणी पार्टीच्या कपड्यांत, कुणी अनवाणी, कुणी आंघोळीला निघालेलं, अंगावर टॉवेल आणि त्यावर लाइफ जॅकेट. पासपोर्ट आमच्या तिजोरीत होते, म्हणजे जहाजावरच राहिले. प्रवाशांजवळ फार तर केबिनचं कार्ड, तेही सगळ्यांकडे नाही. ज्यांची औषधं उशाशी होती त्यांची औषधं गेली. पहाटे पाचच्या सुमाराला कंपनीचा किनाऱ्यावरचा एजंट आला. गाडीतून पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरले आणि त्यांच्यासोबत कागदांचे दोन. पाणी अर्ध्या तासात संपलं.

कागद एका पानाचा, इंग्रजीत. वर नाव आणि केबिन नंबर. मध्ये तातडीच्या खर्चासाठी द्यायची रोख रक्कम. खाली बारीक अक्षरांत दोन ओळी : ही रक्कम मिळाल्यानंतर या घटनेबाबत कंपनीकडे माझी कोणतीही मागणी शिल्लक राहत नाही. मला सांगण्यात आलं, हिंदी-मराठी बोलणारे प्रवासी तू घे.

सांगलीकडचं एक जोडपं होतं, दोघंही सत्तरीच्या पुढची. आजोबा लाइफबोटीतून धक्क्यावर पाय टाकताना पडले होते, एका पिंपाला टेकून बसले होते. आजींचा चष्मा केबिनमध्ये राहिलेला. मी मराठीत बोलतोय हे ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मला अजून आठवतं. त्या म्हणाल्या, "बाळा, मला दिसत नाही रे. काय लिहिलंय तेवढं वाचून दाखव." मी म्हणालो, "आजी, पैसे मिळाल्याची पावती आहे. इथे सही करा." त्यांनी केली. आजोबांनीही केली. मी पुढच्या माणसाकडे वळलो.

खालच्या दोन ओळी मी वाचल्या होत्या. त्यांचा अर्थ मला कळत होता.

दीडेक वर्षाने कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून मला एक पाकीट आलं. आजींनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरून नाव लक्षात ठेवलं होतं. आजोबांचं खुब्याचं हाड त्या रात्रीच मोडलं होतं. ऑपरेशन झालं, खर्च झाला, आणि कंपनीने त्यांना त्यांचीच सही दाखवली. पत्रात राग नव्हता. शेवटची ओळ होती, "तू वाचून दाखवलं होतंस ना बाळा, म्हणून विचारते, तेव्हा आम्ही काय लिहून दिलं?"

मी उत्तर लिहिलं नाही. नोकरी जाईल ही भीती होती. आज त्या हयात असण्याची शक्यता नाही. म्हणून त्यांना द्यायचं उत्तर तुम्हाला लिहितो आहे.

हा कागद एवढ्या घाईने का येतो ते तुम्हाला ठाऊक आहे, वाचकांना नसेल. जहाजामुळे माणसांचं जे नुकसान होतं त्याचा विमा बहुतेक करून पी अँड आय क्लब उतरवतात. जहाजमालकांनी मिळून चालवलेली ती परस्पर विमा मंडळं आहेत आणि मोठ्या बंदरांत त्यांचे प्रतिनिधी असतात. अपघाताची खबर लागताच एक घड्याळ सुरू होतं. जबाब घ्या, फोटो घ्या, दावे किती येतील त्याचा अंदाज बांधा. आणि दावा सर्वांत स्वस्तात कधी मिटतो? माणूस भिजलेला, भुकेला, घरापासून लांब असताना. दुसऱ्या दिवशी त्याला मुलाचा फोन लागतो, तिसऱ्या दिवशी वकील भेटतो. विम्याच्या माणसाने त्याचं काम जरूर करावं. पण धक्क्यावर प्रवाशाजवळ सर्वांत आधी पोचणारा माणूस तो नसावा, आणि त्याच्या वतीने ते काम माझ्यासारख्या गणवेशातल्या माणसाकडून करून घेऊ नये. कारण प्रवासी आमच्यावर विश्वास ठेवतो. काही तासांपूर्वी आम्हीच त्याला हात धरून बोटीत बसवलेलं असतं.

कोस्टा काँकॉर्डियाचं नाव तुम्हा सर्वांना माहीत आहे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला इटलीतल्या जिल्यो बेटाजवळच्या खडकांवर ते जहाज आदळलं. ४,२०० हून जास्त माणसं होती, ३२ गेली. प्रवाशांना आधी सांगितलं की विजेचा बिघाड आहे. जहाज सोडण्याचा हुकूम यायला तासाहून जास्त वेळ गेला. कप्तान फ्रांचेस्को स्केत्तिनो माणसं जहाजावर असतानाच उतरला. तटरक्षक दलाचे ग्रेगोरिओ दे फाल्को फोनवरून त्याला परत जहाजावर जायला फर्मावत होते, ते ध्वनिमुद्रण जगाने ऐकलं. २०१५ साली त्याला १६ वर्षांची शिक्षा झाली, २०१७ साली ती कायम झाली. हे सगळं कप्तानाबद्दल झालं आणि व्हायलाच हवं होतं.

मला मात्र काँकॉर्डियाच्या रात्रीच्या बातम्यांतला किनारा आठवतो. जिल्यो हे लहानसं बेट, हिवाळ्यात वस्ती आणखी कमी. तिथल्या लोकांनी चर्च उघडलं, शाळा उघडली, घरं उघडली. पांघरुणं संपली तेव्हा कुडकुडणाऱ्या माणसांनी वेदीवरची वस्त्रं अंगाला गुंडाळली आणि कुणी हरकत घेतली नाही. त्या लोकांनी कुणाचा केबिन नंबर विचारला नसेल.

कंपनीचा प्रस्ताव दोन आठवड्यांनी आला : ज्यांना शारीरिक इजा झाली नाही अशा प्रत्येक प्रवाशाला ११,००० युरो, शिवाय तिकिटाचे आणि प्रवासखर्चाचे पैसे परत. स्वीकारलं तर पुढे दावा नाही. कोदाकोन्स या इटालियन ग्राहक संघटनेने लोकांना तो नाकारायला सांगितलं. काहींना ती रक्कम बरी वाटली असेल, त्यांच्या निर्णयावर मी बोलणार नाही. पण कलंडलेल्या जहाजाच्या अंगावरून दोरीने अंधारात खाली उतरलेला माणूस आणि पहिल्याच लाइफबोटीत बसलेला माणूस यांना एकच आकडा लावताना कुणी त्यांना समोर बसवून विचारलं का, की त्या रात्री तुमचं काय झालं? पुढे कंपनीने दहा लाख युरो दंड भरून स्वतःपुरता फौजदारी खटला मिटवला.

वर्षभराने, २०१३ च्या फेब्रुवारीत, कार्निव्हल ट्रायम्फ हे जहाज इंजिनरूममधल्या आगीनंतर मेक्सिकोच्या आखातात अडकलं. दिवे नाहीत, संडास तुंबलेले, प्रवासी डेकवर गाद्या टाकून झोपलेले, आणि हे चार-पाच दिवस. त्यांना तिकिटाचे पैसे परत मिळाले, वर ५०० डॉलर आणि पुढच्या सफरीसाठी सवलत. मी काउंटरच्या मागे उभा राहिलेला माणूस आहे. ज्याला डिझेलच्या वासाने मळमळतं आहे त्याच्या हातात पुढच्या सफरीचं कूपन देताना देणाऱ्याला काय वाटतं ते मला माहीत आहे. कृपा करून तुमच्या माणसांना ते करायला लावू नका.

कायदा काय म्हणतो? युरोपात आता बरं आहे. समुद्रमार्गे प्रवासी वाहतुकीबाबतच्या अथेन्स कराराच्या २००२ च्या सुधारणेनुसार जहाज बुडालं, आदळलं, पेटलं तर प्रवाशाने कंपनीची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. प्रत्येक प्रवाशामागे २,५०,००० एसडीआरपर्यंत, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशोबी चलनात, जबाबदारी वाहतूकदाराची. चूक नव्हती हे कंपनीला दाखवता आलं नाही तर मर्यादा ४,००,००० पर्यंत जाते. युरोपीय संघाने २००९ साली त्यावर स्वतःचा नियम केला आणि २०१२ च्या शेवटच्या दिवसापासून तो लागू झाला. त्यात एक तरतूद आहे जी मला फार मोलाची वाटते. मृत्यू झाला किंवा माणूस जखमी झाला, तर हक्कदार कोण ते ठरल्यापासून १५ दिवसांत तातडीच्या गरजेपुरती उचल द्यायची, मृत्यू असेल तर ती किमान २१,००० युरो, आणि ती दिली म्हणजे कंपनीने चूक कबूल केली असा अर्थ होत नाही. तातडीचे पैसे एकीकडे, हक्काचा निकाल दुसरीकडे. माझ्या हातातल्या त्या कागदाने या दोन गोष्टी एका सहीत बांधल्या होत्या.

तुमचा करार अमुक आहे की तमुक, जहाजावर झेंडा कुठल्या देशाचा आहे, देशांतर्गत फेरीला कोणता नियम लागतो, या वादात मी शिरत नाही. तुमच्याकडे वकील आहेत. माझं म्हणणं साधं आहे : मुंबईहून गोव्याला येणाऱ्या माणसाला निदान एवढी हमी तुम्ही स्वखुशीने तिकिटावर छापून द्या. कायदा लावतो की नाही याची वाट पाहू नका.

तिकिटावर आणखी काय छापलेलं असतं तेही पाहू. अमेरिकेत एका बाईला क्रूझवर इजा झाली. राहायला त्या वायव्येकडच्या वॉशिंग्टन राज्यात. दावा मात्र फ्लोरिडातच करायचा, असं तिकिटाच्या अटींत होतं, आणि १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट उचलून धरली. त्या निकालाची सावली जगभरच्या क्रूझ तिकिटांवर आहे. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जाता येतं. म्हणजे सांगलीच्या माणसाला सांगलीत दाद मागता येते. हे त्याला त्याच्या तिकिटावरूनच कळलं तर काय बिघडेल?

आता आपल्या पाण्याकडे येतो.

तुमचं जहाज मुंबईहून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवणच्या बाहेरून, वेंगुर्ल्याच्या खडकांच्या दीपगृहावरून खाली येतं. आमच्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता तोंडपाठ होता, कारण कोकण बोट बंदराबंदराला थांबत पणजीला यायची. या किनाऱ्याला बोट बुडणं म्हणजे काय ते पुस्तकातून शिकावं लागत नाही. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता; सकाळी बुडालेल्या बोटीची बातमी मुंबईला कळेपर्यंत काही तास उलटले. रेवसच्या कोळ्यांनी होड्या घालून जमतील तेवढी माणसं वर काढली. माझी आजी गटारी अमावास्येला कुणाला पाण्याजवळ जाऊ देत नसे, त्याचं कारण मला मोठेपणी कळलं.

उद्या तुमच्या जहाजाला देवगडसमोर काही झालं, तर तटरक्षक दल येईलच. पण सर्वांत आधी पोचतील ट्रॉलर आणि रापणीच्या होड्या, आणि माणसं उतरतील ती एखाद्या मासळीच्या जेटीवर. मला त्या जेटीची काळजी नाही. तिथे चहा होईल, पेज होईल, कुणी आपल्या सुनेची साडी आणून देईल. काळजी वाटते ती सकाळी तुमची गाडी आल्यावर काय होईल याची.

गेल्या काही वर्षांत तीन वेळा याची चुणूक मिळाली आहे. २०२२ च्या जानेवारीत मुंबईहून आलेल्या जहाजावर ६६ जण करोनाबाधित निघाले. दोन हजारांच्या आसपास माणसं मुरगावच्या धक्क्याला लागलेल्या जहाजात अडकली आणि जहाज शेवटी मुंबईला परत गेलं. त्या दिवसांत जहाज आम्हाला डोळ्यांनी दिसत होतं, पण आतल्या माणसाच्या नातेवाइकाने नेमका कुणाला फोन करायचा ते वास्कोत कुणी सांगू शकत नव्हतं. मग २०२४ च्या ऑक्टोबरात आफ्रिकेतल्या काँगो देशात गोमा शहराजवळ किवू सरोवरात बोट उलटल्याची चित्रफीत 'गोव्यात बोट बुडाली' म्हणून देशभर फिरली. गोवा पोलिसांना खुलासा करावा लागला. माझी भाची पुण्याहून रडत फोन करत होती, कारण तिच्या मैत्रिणी इथे फिरायला आल्या होत्या. आणि त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. त्यात १५ जण गेले. वाचलेली माणसं वेगवेगळ्या इस्पितळांत नेलेली, आणि आपलं माणूस कुठल्या इस्पितळात आहे हे शोधत नातेवाईक फिरत होते.

म्हणून माझी पहिली मागणी यादीची. किती माणसं चढली याची यादी तुमच्याकडे असतेच, ती किनाऱ्यावरही ठेवलेली असते. मी उतरलेल्या माणसांच्या यादीबद्दल बोलतो आहे. कोण कुठल्या जेटीवर उतरलं, कोण चिखलीच्या इस्पितळात, कोण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात, कोण हॉटेलात, हे दर तासाला ताजं करून एकाच फोन नंबरवर सांगायला माणसं बसवा. मराठी, कोंकणी, हिंदी बोलणारी माणसं; 'एक दाबा, दोन दाबा' सांगणारं यंत्र नको. तो नंबर तिकिटावर असावा, म्हणजे घरी राहिलेल्या माणसाकडे तो आधीपासून असेल.

दुसरं, वस्तू. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण त्या शेडमध्ये लोक माझ्याकडे काय मागत होते ते सांगतो : चष्मा, कवळी, इन्शुलिन, रक्तदाबाची गोळी, सॅनिटरी पॅड, लहान मुलाचं दूध, चप्पल, आणि फोनचा चार्जर. नुकसानभरपाई हा शब्द पहिल्या दिवशी कुणी उच्चारला नाही. मुरगाव, मालवण, रत्नागिरी अशा ठिकाणी एखाद्या औषधाच्या दुकानाशी, कापडाच्या दुकानाशी, चष्मेवाल्याशी आधीच बोलून ठेवणं तुमच्यासारख्या कंपनीला किती अवघड आहे? शाळेचं गॅदरिंग करणारे मास्तरही एवढी तयारी करतात.

तिसरं, परतीचा प्रवास. कुणाला मुंबईला विमानाने जायचं असेल, कुणी आयुष्यात पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही, कुणाला वास्कोहून रेल्वे बरी वाटेल. विचारा आणि तसं करा. त्यांच्या कार्डावर जहाजातल्या खर्चासाठी जी रक्कम अडवून ठेवलेली असते ती त्याच दिवशी सोडा. आमच्या कंपनीच्या संगणकाने बुडालेल्या जहाजावरच्या बारची बिलं पुढच्या महिन्यात लोकांच्या कार्डांवर टाकली होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. ते थांबवायचं कुणाला सुचलं नाही, एवढंच. पण ज्याची बायको अजून झोपेत ओरडून उठते त्याला ते बिल कसं वाटलं असेल?

आणि चौथं ते शीर्षकातलं. पहिले ३० दिवस प्रवाशाकडून कसलीही हक्क सोडल्याची सही घेऊ नका. पैसे द्या, पावती घ्या, पावतीवर एकच वाक्य असू द्या आणि ते त्याच्या भाषेत असू द्या. त्यानंतर जो प्रस्ताव द्यायचा तो घरच्या पत्त्यावर पाठवा, म्हणजे तो मुलाला, शेजारच्या वकिलाला दाखवता येईल. तुमच्याच हिताचं सांगायचं तर, शेडमध्ये घेतलेली सही न्यायालयात कितपत टिकेल याचीही तुम्हाला खात्री नसते.

क्रूबद्दल लिहिलं नाही तर माझे वडील मला माफ करणार नाहीत. १९१२ साली टायटॅनिक बुडालं त्या क्षणापासून खलाशांचा पगार थांबला. वाद्यवृंदातला जॉक ह्यूम हा तरुण व्हायोलिनवादक बुडाला, आणि दोन आठवड्यांनी त्याच्या वडिलांना एजन्सीचं पत्र आलं : येणे बाकी असलेले ५ शिलिंग ४ पेन्स पाठवा, आणि मुलाच्या गणवेशाचं बिलही भागवा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गोव्यातल्या सासष्टीतले, बारदेशातले वादक आठवले. किती घरांतला ट्रंपेट, सॅक्सोफोन कुठल्या कुठल्या जहाजांवर वाजला आहे. माझ्या जहाजावर मडगावचा एक ड्रमर होता. त्याचा ड्रमसेट स्वतःचा, कर्ज काढून घेतलेला. तो जहाजाबरोबर गेला. कंपनीने त्याला त्या तारखेपर्यंतचा पगार आणि विमानाचं तिकीट दिलं.

आता खलाशांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे. २०१३ साली तो अमलात आला, २०१५ साली भारताने स्वीकारला. जहाज गेलं तर बेकारीची भरपाई द्यावी लागते, पण ती दोन महिन्यांच्या पगारापर्यंत मर्यादित करण्याची मुभाही त्यातच आहे. तुम्ही त्या मर्यादेवर थांबू नका. कोस्टा काँकॉर्डियावर दोनशेच्या आसपास भारतीय कामाला होते. त्यांतला मुंबईकडचा एक वेटर प्रवाशांना बोटींत बसवताना मागे राहिला. त्याचा मृतदेह सापडला २०१४ च्या नोव्हेंबरात, जहाज जेनोआला ओढून नेऊन तोडायला घेतल्यावर. जवळजवळ तीन वर्षं घरच्यांनी वाट पाहिली. अशा घराशी कंपनीतलं एकच माणूस, नावानिशी, शेवटपर्यंत बोलत राहिलं पाहिजे. दर वेळी नवा अधिकारी आणि नवा ईमेल नको.

एक गोष्ट तुम्ही या हंगामातच करू शकता, तिला खर्च नाही. काँकॉर्डियावर शेवटच्या बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांचं मस्टर ड्रिल, म्हणजे धोक्याच्या वेळी कुठे जमायचं त्याचा सराव, दुसऱ्या दिवशी व्हायचं होतं. त्याआधीच जहाज आदळलं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून सुटण्याआधी किंवा सुटताच मस्टर ड्रिल घेणं बंधनकारक झालं. सात छोटे भोंगे, एक लांब, लाइफ जॅकेट असं बांधा, तुमचं मस्टर स्टेशन हे. सगळं बोटीत बसण्यापर्यंत येऊन थांबतं. त्यात दोन मिनिटं किनाऱ्यानंतरची घाला. मराठीत आणि कोंकणीतही सांगा : उतरल्यावर पिवळ्या जॅकेटच्या माणसाकडे नाव नोंदवा, औषध लागत असेल तर त्याला सांगा, घरच्यांनी या नंबरवर फोन करावा, आणि कसल्याही कागदावर सही करण्याची तुम्हाला गरज नाही. प्रवासी घाबरतील, सहल बिघडेल, असं तुमचा मार्केटिंग विभाग म्हणेल. २२ वर्षांत ड्रिलमुळे सहल सोडून उतरलेला एकही प्रवासी मी पाहिला नाही.

वास्को-सडा भागात आम्ही दहा-बारा निवृत्त तारवटी संध्याकाळी भेटतो. कुणी बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम होता, कुणी कुक, कुणी माझ्यासारखा काउंटरवरचा. मी हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. आमच्यात मिळून मराठी, कोंकणी, हिंदी, इंग्रजी, पोर्तुगीज आणि थोडी इटालियन येते. मुरगाव बंदराने क्रूझ टर्मिनलवर आम्हाला एक टेबल आणि चार खुर्च्या द्याव्यात, आणि तुमच्या आपत्कालीन यादीत आमची नावं घालावीत. रात्री कितीही वाजता बोलावलं तरी आम्ही येऊ, पैसे नकोत. ज्यांचा चष्मा बोटीवर राहिला आहे त्यांना समोरचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवू.

उत्तराची वाट पाहतो.

आपला,
सडा, मुरगाव येथील एक निवृत्त तारवटी